मडके वाजवून घेताना

उसने नेलेले पैसे परत करताना माणूस म्हणतो, "मोजून घ्या." घेणारा म्हणतो, "छे, छे, मोजायचं काय त्यात!" आणि नोटा तशाच खिशात जातात. हा संवाद आपल्याकडे इतका रूढ आहे की त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे कुणाला वाटत नाही. दोघांनीही आपापल्या परीने सौजन्यच दाखवलेले असते. देणाऱ्याने आपला व्यवहार उघडा केला. घेणाऱ्याने त्याच्यावर विश्वास टाकला. पण या सौजन्याच्या पोटात एक प्रश्न दडून राहतो. ज्याच्यावर आपला विश्वास आहे, त्याचे काम तपासून पाहावे की नाही? तपासले तर विश्वास उणा झाला असे समजायचे काय? आणि न तपासता ठेवलेला विश्वास हा खरोखर विश्वास असतो, की तो नुसता तपासण्याचा कंटाळा असतो आणि आपण त्याला चांगले नाव दिलेले असते?

तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत हा प्रश्न मोठ्या थाटात भेटतो. मला तो रोज सकाळी काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांत भेटतो. धाराशिव जिल्ह्यातल्या काही लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी खोलीच्या कोपऱ्यात अहोरात्र चालू असलेला संगणक. पतसंस्थेच्या खातेदारांच्या ठेवी, महाविद्यालयातल्या मुलांचे गुण, वाचनालयातल्या पुस्तकांची यादी हे सारे त्याच्या पोटात असते. हे यंत्र केव्हा ना केव्हा बिघडणारच. वीज जाते, येते, डिस्क झिजते, कुणाचा तरी हात चुकतो. म्हणून रोज रात्री, माणसे झोपल्यावर, त्या माहितीची एक नक्कल दुसरीकडे उतरवून ठेवण्याची व्यवस्था केलेली असते. तिला सगळे बॅकअप म्हणतात. मीही तोच शब्द वापरतो. नक्कल उतरवण्याचे काम यंत्र आपले आपण करते. माझे काम सकाळी सुरू होते आणि ते एवढेच असते : रात्री जे उतरले असे म्हणतात, ते खरोखर उतरले आहे काय, हे पाहणे.

या पाहण्याच्या पायऱ्या आहेत, आणि त्या सांगितल्यावाचून पुढचा विचार नीट कळायचा नाही. पहिली पायरी अगदी सोपी. 'एलएस' ही दोन अक्षरांची आज्ञा लिहिली की फायलींची नावे, आकार आणि तारखा समोर येतात. काल रात्रीची फाइल आहे, तारीख बरोबर आहे, आकार आदल्या दिवसाएवढा किंवा किंचित मोठा आहे, ठीक. दुसरी पायरी फाइलीचे शेपूट पाहण्याची. 'टेल' या आज्ञेने शेवटच्या काही ओळी दिसतात. मायएसक्यूएल या माहितीच्या कोठारातून नक्कल पुरती उतरली असेल, तर शेवटी 'डंप कम्प्लीटेड' अशी ओळ असते. पोथीच्या अखेरीस लिहिणारा 'समाप्त' लिहून तिथी घालीत असे, तसेच हे. ती ओळ नसेल तर पोथी अर्ध्यावरच राहिली असे समजावे. तिसरी पायरी ठशाची. 'शा-२५६-सम' नावाची आज्ञा फाइलीतल्या अक्षरन् अक्षरावर गणित करून ६४ चिन्हांचा एक ठसा काढते. फाइलीतला एक स्वल्पविराम बदलला तरी सबंध ठसा बदलतो. मूळ आणि नक्कल यांचे ठसे जुळले म्हणजे वाटेत काही सांडले नाही अशी खात्री पटते.

पण ठसा जुळला याचा अर्थ इतकाच की नक्कल मुळाबरहुकूम आहे. मूळच नासके असेल तर नक्कलही तंतोतंत नासकी असणार! म्हणून चौथी आणि खरी पायरी आहे ती नकलेतून सारे पुन्हा उभे करून पाहण्याची. एका रिकाम्या यंत्रावर ती नक्कल उतरवायची, व्यवस्था चालू करायची, एखादे खाते उघडायचे आणि शिल्लक बरोबर दिसते का ते पाहायचे. पहिल्या तीन पायऱ्यांना पाच-दहा मिनिटे लागतात. चौथीला कधीकधी अर्धा दिवस जातो. पुष्कळ ठिकाणी पहिल्या पायरीवरच समाधान मानतात, आणि कित्येक ठिकाणी तीही कुणी चढत नाही.

जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मला पहिल्यांदा बोलावले, तेव्हाची गोष्ट सांगतो. तिथले व्यवस्थापक वयाने वडीलधारे, मोठे सरळ गृहस्थ होते. बॅकअप उघडून पाहू या, असे मी म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "अहो, रोज सकाळी मेसेज येतो, बॅकअप यशस्वी म्हणून. आणि ही व्यवस्था ज्या मुलानं बसवून दिली ना, तो फार प्रामाणिक आहे. त्याच्यावर संशय घेणं मला बरं वाटत नाही." मी म्हटले, "काका, त्या मुलावर संशय नाही. नुसतं बघू." पाहिले, तर अडीच महिन्यांच्या फायली ओळीने उभ्या होत्या. एकही रात्र चुकलेली नव्हती. फक्त प्रत्येक फाइलीचा आकार होता वीस बाइट. वीस बाइट म्हणजे या एका वाक्यातल्या दोन-चार शब्दांचाही ऐवज नव्हे.

झाले होते ते असे. नक्कल उतरवण्याच्या कामात दोन आज्ञा एकमेकींना जोडलेल्या असतात. पहिली कोठारातून माहिती उपसते आणि दुसरीच्या हाती देते. दुसरी ती दाबून, लहान करून, बांधून ठेवते. काम संपले की यंत्र एक आकडा सांगते. शून्य म्हणजे यश, दुसरे काहीही म्हणजे अपयश. पण जोडलेल्या आज्ञांच्या बाबतीत, मुद्दाम वेगळे सांगितले नाही तर, शेवटच्या आज्ञेचाच आकडा धरला जातो. कोठाराचा पासवर्ड मध्यंतरी कुणीतरी बदलला होता, त्यामुळे पहिल्या आज्ञेला आत शिरताच येईना. दुसरीच्या हाती काहीच आले नाही. तिने ते 'काहीच नाही' नीट बांधले आणि काम फत्ते झाल्याचे कळवले. विहिरीवर एकजण पाणी शेंदतो आहे, दुसरा पखाल बांधतो आहे, आणि आपण विचारतो फक्त पखालवाल्याला, "झालं का?" तो म्हणतो, "झालं." खोटे तो बोलत नाही. पखालीचे तोंड त्याने बांधलेलेच आहे. पखाल रिकामी आहे, एवढेच!

सुदैवाने मूळ यंत्र शाबूत होते, म्हणून नुकसान झाले नाही. पण त्या संस्थेचे खातेदार कोण, हे मला ठाऊक होते. भाजी विकणाऱ्या बाया, रिक्षावाले, हमाल; पिग्मी एजंटाच्या हाती रोज संध्याकाळी वीस-पन्नास रुपये देणारी माणसे. त्यांच्या घामाचा हिशेब अडीच महिने एकाच डिस्कच्या आयुष्यावर उभा होता, आणि याची गंधवार्ताही कुणाला नव्हती. व्यवस्थापकांचे म्हणणे मात्र खरे होते. तो मुलगा प्रामाणिकच होता. प्रामाणिकपणा हा माणसाचा गुण आहे आणि अचूकपणा हा कामाचा. पहिला आहे म्हणून दुसरा असेलच असे नाही, आणि दुसरा तपासला म्हणून पहिल्याचा अवमान होत नाही. आपण या दोहोंची गल्लत करतो आणि मग विश्वासाच्या नावाखाली डोळे मिटून घेतो.

आमच्याच जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर नावाचे गाव आहे. हे प्राचीन काळचे तगर. रोमशी व्यापार करणारे. पण मराठी माणसाच्या मनात तेर आहे ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून. परंपरा सांगते की संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली असता मुक्ताबाईचे लक्ष कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेले. हे कशाला, असे तिने विचारले. मडके पक्के की कच्चे ते याने कळते, असे उत्तर मिळाल्यावर ती म्हणाली, मग इथे जमलेली ही मडकीही पारखून पाहा. गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारीत ते चालले. सगळे स्वस्थ बसून राहिले. नामदेवांना मात्र ते लागले. त्यांनी तक्रार केली आणि गोरोबांनी निर्णय दिला : हे मडके कच्चे.

ही कथा आपण गुरूची महती सांगण्यासाठी ऐकतो, कारण पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे जातात. मला तिच्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मडके कच्चे ठरले ते आवाजावरून नव्हे. तपासणी सहन झाली नाही, यावरून ठरले. पक्क्या मडक्याला थापटण्याची भीती नसते. 'माझ्यावर विश्वास नाही का?' हा प्रश्न ज्याच्या तोंडून निघतो, त्याचे काम पहिल्यांदा वाजवून पाहावे असे माझा अनुभव मला सांगतो.

आणखी एक गोष्ट कुंभाराला ठाऊक असते. वाजवून तडा कळतो. पण मडक्यात पाणी राहते की नाही हे पाणी भरूनच कळते. आम्ही काढलेला ६४ चिन्हांचा ठसा म्हणजे मडके वाजवणे. नकलेतून सारे पुन्हा उभे करणे म्हणजे पाणी भरून रात्रभर ठेवणे. नुसत्या आवाजावर विसंबून उन्हाळा काढता येत नाही.

हा दोष लहान गावातला आणि अपुऱ्या साधनांचा आहे, अशी कुणाची समजूत असेल तर ती खरी नाही. गिटलॅब ही जगभरच्या संगणकतज्ज्ञांचे काम साठवून ठेवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका थकलेल्या कामगाराने दुय्यम यंत्रावरचे कोठार पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य यंत्रावर दिली. क्षणार्धात चूक ध्यानात आली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकी जेमतेम साडेचार उरली होती. नक्कल राखण्याच्या पाच निरनिराळ्या पद्धती त्या कंपनीत होत्या. पाचांपैकी एकही धड चालत नव्हती. रोजची नक्कल उतरवणारी आज्ञा जुन्या आवृत्तीची निघाली. कोठार नव्या आवृत्तीचे असल्यामुळे ती रोज मुकाट्याने अपयशी होत होती. अपयश कळवणारी पत्रे निघत होती, परंतु टपाल घेणारे यंत्र ती संशयास्पद ठरवून परत लावीत होते. जिथे नकला साठायच्या ती जागा उघडून पाहिली, तर ती रिकामी. शेवटी तारले ते योगायोगाने. एका कामगाराने दुसऱ्याच कारणासाठी सहा तास आधी एक नक्कल हाताने काढून ठेवली होती. ती मिळाली, आणि सहा तासांचे काम तेवढे गेले.

त्या प्रसंगी कंपनीने एक गोष्ट केली, तिचे मला कौतुक वाटते. तिने आपली फजिती जगापुढे उघडी मांडली आणि चूक करणाऱ्याचे नाव न सांगता चुकीच्या व्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. हात चुकणे हे माणसाचे लक्षण आहे; तो चुकेल असे धरूनच व्यवस्था असायला हवी. पाच पद्धती होत्या, म्हणूनच कदाचित एकही तपासली गेली नाही. ही पाहील, ती पाहील, असे म्हणता म्हणता प्रत्येक जबाबदारी दुसरीच्या खांद्यावर टेकून उभी राहिली. आपल्या घरांत, गावांत आणि राज्यकारभारात हे दृश्य काय थोडे दिसते? दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. सरकारी नोकर आपले कागद ज्या कोठारात ठेवीत, ते ८५८ टेराबाइटचे कोठार जळून गेले. त्याची बाहेर नक्कल नव्हती. कारण काय, तर ते फार मोठे होते! जे सर्वांत मोठे, त्याचीच राखण सर्वांत अवघड म्हणून सोडून दिलेली.

आपण तपासत का नाही? कंटाळा हे एक कारण झाले, पण ते वरवरचे आहे. खोल कारण भीतीचे आहे. जोवर पेटी उघडली नाही तोवर आतले सोने सोनेच असते. डॉक्टरकडे न जाणारा माणूस प्रकृतीने निर्धास्त असतो असे नाही. आपण निरोगी आहोत ही समजूत त्याला निरोगीपणाहूनही प्रिय असते. त्याच्या जोडीला आजच्या यंत्रांनी एक नवे सुख दिले आहे : रोज सकाळी येणारा 'यशस्वी' हा शब्द. पूर्वी माणसाला खोटा दिलासा देण्यासाठी दुसरा माणूस लागत असे. आता यंत्र तो रोज, न चुकता देते, आणि त्याला खोटे बोलल्याची टोचणीही नसते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. तपासणीचे इतके गोडवे गाल्यावर उद्या माणूस माणसालाही तपासू लागेल. नवरा बायकोचा फोन तपासील, बाप मुलाची वही नव्हे तर मन तपासील. आपल्या पुराणकथांत तपासणीची सर्वांत भयंकर गोष्ट सीतेची आहे. अग्नीतून पार पडूनही लोकांचा संशय फिटला नाही, आणि दुसऱ्यांदा प्रमाण मागितले गेले तेव्हा ती धरणीच्या पोटात गेली. जिथे प्रेमाने विसंबायचे तिथे पुरावा मागितला, की पुरावा मिळतो आणि ज्याच्यासाठी मागितला तेच नाहीसे होते.

हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच भेद करणे अवश्य आहे. तपासायचे ते काम, माणूस नव्हे. आणि काम कुणाचे? आधी स्वतःचे. बॅकअप तपासणारा मनुष्य दुसऱ्याच्या चारित्र्याचा पंचनामा करीत नाही. आपण ज्याला जबाबदार आहोत ते आपण खरेच पार पाडले काय, एवढेच तो स्वतःला विचारतो. सीतेकडे प्रमाण मागणाऱ्यांचे स्वतःचे काही पणाला लागले नव्हते. गोरोबांकडे जमलेले सारे मात्र एकाच पंक्तीत, आपणहून डोके पुढे करून बसले होते. परीक्षा घेणारा स्वतः परीक्षेच्या बाहेर उभा राहिला, की तपासणीचा जुलूम होतो. त्याने स्वतःपासून सुरुवात केली, की तिची साधना होते.

दुसरा आक्षेप तर्काचा आहे. नक्कल तपासायला आज्ञा हवी. मग ती आज्ञा बरोबर चालते हे कोण तपासणार? ठशांची यादी ज्या डिस्कवर ठेवली, ती डिस्कच बिघडली तर? तपासणाऱ्याला तपासणारा, त्याला तपासणारा, अशी ही साखळी कुठे थांबायची? खरे सांगायचे तर ती तर्काने थांबत नाही. व्यवहारात माणूस ती कुठेतरी थांबवतो. ती कुठे आणि कशी थांबवावी, हे मात्र आपल्या परंपरेला उत्तम कळले होते. वेद लिहून ठेवण्याऐवजी पाठ करून राखले गेले, तेव्हा नुसत्या संहितापाठावर कुणी विसंबले नाही. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे पाठ रचले; शब्द सुलटे, उलटे, जोडीने, तिहेरी गुंफून म्हणायचे. एका पाठात अक्षर ढळले तर दुसऱ्या पाठात ते खटकलेच पाहिजे. आम्ही ज्याला चेकसम म्हणतो ती हीच युक्ती. यंत्राऐवजी ती माणसाच्या कंठात होती. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता तीन शतकांत पाठभेद शिरले, तेव्हा पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथांची ज्ञानदेवांवर श्रद्धा नव्हती असे कोण म्हणेल? श्रद्धा होती म्हणूनच त्यांनी प्रती ताडल्या. जिथे श्रद्धा नसते तिथे कुणी शुद्धलेखन तपासायला बसत नाही.

शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. घरचे बियाणे म्हणजे तरी काय? गेल्या पिकाची राखून ठेवलेली नक्कलच. आमच्या भागात खरिपाला सोयाबीन मोठे. पेरणीपूर्वी जाणता शेतकरी पोत्यातले शंभर दाणे मोजून काढतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि काही दिवसांनी उलगडून कोंब मोजतो. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरायच्या लायकीचे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही. तक्रारींचा ढीग झाला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आपणहून दखल घ्यावी लागली. दाणा दिसायला टपोरा होता, पोते वजनाला पुरे होते, पण त्यात अंकुर नव्हता. वीस बाइटच्या फाइलीपेक्षा हे अधिक फसवे. तिचा निदान आकार तरी बोलतो. गोणपाटातले शंभर दाणे शेतकरी गमावतो, हे मान्य. पण सगळे पोते पेरून पाहायचे नसेल आणि एकही दाणा न पेरता विसंबायचे नसेल, तर मधला मार्ग हाच. तपासणीची साखळी तो जिथे थांबवतो, तिथे थांबवणे शहाणपणाचे.

बियाणे राखणारा ते एकाच खोलीत ठेवीत नाही, ही दुसरी शिकवण. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने सांगितलेला एक नियम आमच्या व्यवसायात सर्वत्र पाळतात : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. 'टॉय स्टोरी २' हा मुलांचा आवडता चित्रपट १९९८ साली तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याचा फार मोठा भाग पुसला गेला, आणि नकला उघडून पाहिल्या तर त्याही निकामी. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करीत. त्यासाठी घरच्या संगणकावर त्यांनी प्रत ठेवली होती. बाळाच्या पाळण्यापाशी राहिलेली ती प्रत सगळ्या कचेरीला पुरून उरली.

एकाच छपराखाली सारे ठेवण्याचा अर्थ आम्हा या भागातल्या लोकांना निराळा सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंतचतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजलेले असताना, किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे धरणीकंपात कोसळली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे माळवद ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासाची गोष्ट होती. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, चोराला अभेद्य. तोच विश्वास हजारो माणसांच्या अंगावर आला. माणसांची नक्कल नसते. म्हणून त्या दुःखाची तुलना फायलींशी करण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. एवढेच म्हणतो, की ज्या गोष्टींची नक्कल निघू शकते त्या तरी मुळाच्याच माळवदाखाली ठेवू नयेत.

आणि समजा, नक्कल आहे, शाबूत आहे, दूर ठेवलेली आहे. तरी प्रश्न सुटत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. त्या राजवटीतली दप्तरे उरली, ती पुष्कळशी उर्दूत आणि मोडीत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम आले, तेव्हा कागद सापडले तरी ते वाचू शकणारी माणसे शोधावी लागली. त्या नोंदींच्या अर्थावरून चाललेला वाद हा माझा इथला विषय नाही. मला दिसते ते इतके, की कागद राहिला, शाई राहिली, अक्षरही राहिले. पण वाचणारा डोळा पातळ होत गेला. वाचणारा माणूस हाही प्रतीचाच एक भाग आहे. आज आपण ज्या फायली साठवतो, त्या उघडणारे साधन वीस वर्षांनी असेल काय, हे आजच विचारायला हवे. ते विचारण्याचा उपाय पुन्हा तोच : अधूनमधून उघडून पाहणे.

म्हणून राखणे या शब्दाचा अर्थच आपण थोडा चुकीचा लावतो असे मला वाटू लागले आहे. ठेवणे म्हणजे राखणे नव्हे. जे पुन्हा उभे करता येते, तेच राखलेले. आपल्या भाषेत 'ठेव' हा शब्द सुंदर आहे. ठेव दुसऱ्याची असते आणि सांभाळणारा विश्वस्त असतो. विश्वास ज्याच्यापाशी ठेवला तो विश्वस्त. खातेदाराने विश्वास ठेवायचा आणि विश्वस्ताने तपासायचे, अशी ही वाटणी आहे. भाजीवालीने रोज येऊन 'माझे वीस रुपये दाखवा' असे म्हणू नये, यासाठीच कुणीतरी रोज सकाळी ते पाहिले पाहिजे. तिचा विश्वास हा तिचा गुण आहे. मी जर त्याच विश्वासाने स्वस्थ बसलो, तर तो माझा गुण ठरत नाही; ती तिची फसवणूक ठरते. एकाच्या बाबतीत जे औदार्य, ते दुसऱ्याच्या बाबतीत कर्तव्यच्युती असते. विश्वास आणि तपासणी यांचे भांडण मुळात नाहीच. एकाच्या विश्वासाची किंमत दुसरा तपासणीने चुकवीत असतो.

व्यापारी हे पूर्वीपासून जाणतात. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवाचे बोट टेकवून श्री लिहिणारा दुकानदार वर्षभर रोज रात्री रोजमेळ घालतो. गल्ल्यातली रोकड आणि वहीतला आकडा जुळल्यावाचून तो फळी लावीत नाही. गल्ल्यावर स्वतःचा मुलगा बसलेला असतो, तरीही! मुलाला त्यात अपमान वाटत नाही. बापाच्या जागी आल्यावर तोही तेच करतो. देवीपुढे वही ठेवायची, ती मेळ जुळलेली ठेवायची, एवढी साधी श्रद्धा त्यामागे आहे.

दिवाळीच्या आधी आपल्या घरातली प्रत्येक वस्तू एकदा उन्ह पाहते. ट्रंकेतल्या पैठण्या आणि शाली उलगडतात, माळ्यावरची भांडी खाली येतात, कुठे कसर लागली, कुठे पोचा आला, ते कळते. या आवराआवरीत अलीकडे एका गोष्टीची भर घालायला हरकत नाही. आजोबांचे छायाचित्र, आजीच्या आवाजातली ओवी, मुलीच्या पहिल्या पावलांची चित्रफीत हे सारे आता कुठल्यातरी फोनमध्ये, काळ्या डबीत किंवा दूरच्या सर्व्हरवर आहे, आणि ते तिथे सुखरूप आहे असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. फराळ झाल्यावर, चार माणसे जमलेली असताना, ती डबी जोडावी आणि एखादी जुनी फीत लावून पाहावी. ती लागली तर घरातल्या लहानांना पणजीचा आवाज ऐकायला मिळेल. नाही लागली, तर मूळ ज्या फोनमध्ये आहे तो बहुधा अजून चालू असेल, आणि दुसरी प्रत काढायला तेवढा वेळ हाताशी राहील.